काट्याला सव्वा धरा

पाचोडकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला, मोसंबीच्या बागेच्या कडेला शेवाळी रंगाचा एक जाडजूड ट्रक उभा दिसला, तर मित्रांनो, तो मीच. मी एक जुना फौजी ट्रक आहे, एक टनाचा. नाक बसकं, डोळे गोल, पाठ उघडी. माझं दार लावायला दोनदा आपटावं लागतं. दुसऱ्यांदा आपटताना माणूस तोंडातल्या तोंडात जे बोलतो, त्यावरून मी त्याची पारख करतो. आजवर ही पारख सहसा चुकलेली नाही. फसलो तो एकदाच, आणि तेही माझ्या स्वतःच्याच तोंडामुळे. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जबलपूरचा. ज्यांनी मला घडवलं त्यांनी मला पळायला घडवलंच नव्हतं, चढायला घडवलं होतं. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. इंजिनाच्या बाजूने एक लांब दांडा निघतो आणि मागच्या एक्सलपर्यंत येतो. एक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा जाड आस. त्याच्या पोटात दोन दातेरी चक्रं असतात, एक लहान, एक मोठं. माझ्या पोटातला नियम असा होता की दांडा पाच वेळा फिरला की रस्त्यावरचं चाक एकदा फिरायचं. त्यामुळे अंगात ताकद दांडगी, पण वेग बेताचा. बर्फात, दगडात, नदीच्या पात्रात मी तट्टासारखा चढायचो. सपाट रस्त्यावर मात्र पन्नासच्या पुढे गेलो की इंजिन असं किंचाळायचं की शेजारी बसलेल्याला आपलाच गुन्हा झाल्यासारखं वाटायचं.

आता वेगाच्या काट्याचं ऐका. तुम्हाला वाटत असेल, काटा चाकाकडे बघून बोलतो. नाही. तो बोलतो त्या दांड्याकडे बघून. दांड्याचे फेरे मोजायचे, पाच फेऱ्यांना चाकाचा एक धरायचा आणि आकडा दाखवायचा, एवढंच त्याला ठाऊक. फौजेतल्या बावीस वर्षांत तो एकदाही खोटं बोलला नाही. किलोमीटर मोजणारा आकडाही त्याच्याच घरचा, तोही खरा. मी दिसायला देखणा नव्हतो, पण माझ्या शब्दावर विसंबून चाळीस-चाळीस गाड्यांचा ताफा घाटातून उतरायचा. याचा मला अभिमान होता. कुणी विचारलं नाही, म्हणून कधी बोललो नाही.

पुढे फौजेनं मला लिलावात काढलं आणि इंद्रजीतरावांनी घेतलं. इंद्रजीतराव वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. गावाकडे घरची मोसंबीची बाग. माणूस वाईट नाही. फक्त लोक आपल्याकडे बघतात की नाही, हे बघण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो. मला आणल्याबरोबर त्यांनी माझ्यासमोर उभं राहून अकरा फोटो काढले आणि त्यातल्या नवांत मी अर्धाच आलो. नंतर मला नवा रंग दिला, शिंगासारखा भोंगा बसवला आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं की बागेतला माल शहरातल्या बाजारात रोज न्यायचाय आणि वाटेत चौपदरी महामार्ग आहे.

मला चालवायला त्यांनी फकिरानानांना बोलावलं. नाना त्याच गावचे. फौजेत ड्रायव्हर होते, वीस वर्षं माझ्याच जातीचे ट्रक चालवून आलेले. वय त्रेसष्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं दार दुसऱ्यांदा आपटलं आणि म्हणाले, "हां, झालं बाबा, झालं." शिवी नाही, कुरकुर नाही. माझी पारख तिथंच पक्की झाली. फौजेची एक सवय त्यांनी सोडली नव्हती. निघताना आणि पोचल्यावर माझ्या किलोमीटरचा आकडा ते एका छोट्या वहीत उतरवून ठेवायचे. कुणी मागितला नव्हता, कुणी वाचत नव्हतं. तरी उतरवायचे.

नानांपाशी मिरवायला फारसं काही नव्हतं. एकच गोष्ट होती. चाळीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, पण त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीचं पिलूसुद्धा आलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. गाव सांगायचं.

महामार्गावर मात्र आमची फार शोभा व्हायची. मी पंचेचाळीस-पन्नासनं किंचाळत चाललेलो आणि मागून एसट्या, टँकर, कारखान्यांच्या बसगाड्या भोंगे वाजवत पुढे जायच्या. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो पुढे गेला आणि त्यातल्या बायकांनी आम्हाला हात हलवून टाटा केलं. नाना हसले. शेजारी बसलेले इंद्रजीतराव हसले नाहीत. त्यात त्यांचे चुलते आप्पासाहेब दर दोन दिवसांनी चावडीवर सगळ्यांसमोर विचारायचे, "काय इंद्रजीत, तुझ्या गाडीत मोसंबी भरली की बाजारात पोचेपर्यंत मुरंबा व्हतो म्हणं?"

त्या मुरंब्यानं माझं आयुष्य बदललं.

इंद्रजीतरावांनी मला जैनू उस्तादांकडे नेलं. उस्ताद मूळचे खुलताबादचे. वाळूजच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. जुन्या फौजी गाड्यांची नाडी ओळखणारा असा माणूस या भागात दुसरा नाही. त्यांनी माझ्या पोटाखाली सतरंजी टाकली, झोपूनच सगळं तपासलं आणि आतूनच बोलले, "शेठ, एक्सल बदलना पडता. पाच फेऱ्याचं काम चारात व्हईल असे एक्सल हैं मेरे पास. पर दोन्ही बदलावे लागतील, पुढचा बी, मागचा बी. एकच बदलला तर पुढचं मागचं भांडत बसतील और बीच में गिअरबॉक्स मरंगा."

"दोन्ही बदला," इंद्रजीतराव म्हणाले. "पळाली पाहिजे फक्त."

आठ दिवस मी लाकडी ठोकळ्यांवर उभा होतो. जन्मापासून माझ्या पोटात असलेले आस बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवले होते आणि मी समोरून त्यांच्याकडे बघत होतो. मित्रांनो, स्वतःची हाडं भिंतीला टेकलेली बघणं ही काही चांगली गोष्ट नाही. पण उस्तादांचा हात हलका. नवे एक्सल असे बसवले की पहिल्या चक्करला मलाच माझा आवाज ओळखू येईना. इंजिन गुणगुणत होतं आणि रस्ता मागे पळत होता. खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

गाडी ताब्यात देताना उस्ताद बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अब ध्यान से ऐका शेठ. इंजिन पाऊणच राबंल, पर गाडी सव्वा पळंल. काट्याला काही कळायचं नाही, तो अजून पाचाच्या हिशेबात हाय. त्याची छोटी गरारी, दातेरी चक्र, बदलावी लागती. चार दिन रुको, बनवून देतो."

"चार दिवस? बागेत माल तोडून ठेवलाय, उस्ताद."

"तो फिर काट्याला सव्वा धरा. साठ दाखवला तो पंचाहत्तर समझो. ऐंशी दाखवला तो शंभर. मैं कागज पे लिख के काट्याखाली चिकटवतो."

"डॅशबोर्डवर कागद?" इंद्रजीतरावांचा चेहरा असा झाला, जणू उस्तादांनी नवरीच्या कपाळाला स्टिकर लावायचं म्हटलं होतं. "नवा रंग दिलाय तिथं. राहील की लक्षात. इंजिन पाऊण, गाडी सव्वा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे आप्पासाहेब होते. "झाली का रे मुरंब्याची गाडी तयार?" हे मला बाहेर ऐकू आलं. इंद्रजीतराव फोनवर पाच मिनिटं नव्या वेगाचं वर्णन करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या डोक्यात दोन शब्द होते. कोणता कशाला लावायचा, ते मात्र आप्पासाहेबांना सांगण्याच्या भरात गळून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरला. नानांनी वहीत आकडा उतरवला आणि विचारलं, "उस्ताद काही मनले का? काट्याचं वगैरे?"

"मनले की. आता इंजिन कमी फिरतंय, म्हणून काटा उगं जास्त दाखवतोय. पाऊण धरायचं."

"पाऊण?"

"हौ. ऐंशी दाखवला की साठ समजायचं."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय करू शकत होतो? चालू होताना एक आचका दिला. नाना म्हणाले, "थंडी वाजायली वाटतं हिला." आणि आम्ही निघालो.

पहिल्या फेरीला नानांनी काटा साठवर ठेवला. खरा वेग पंचाहत्तर. नानांच्या हिशेबानं पंचेचाळीस. पाचच मिनिटांत त्यांची मान ताठ झाली आणि बोटं स्टेअरिंगवर आवळली.

"इंद्रजीतराव, हे पंचेचाळीस नाय वाटायलं. गाडी लई पळायली."

"नाना, आवाज नाही म्हणून तसं वाटायलंय. किंचाळायची सवय लागली तुम्हाला. पंचेचाळीसनं चालवायला एक्सल बदलले का मी? घ्या ऐंशीवर."

"रस्ता अंगावर यायला लागला, बघा की."

"रस्ता तिथंच हाय. तुमचं वय पुढं गेलंय."

इंद्रजीतराव हे हसत बोलले. त्यांना वाटलं गंमत झाली. नानांनी पाय दाबला. काटा ऐंशीवर नेला. आम्ही शंभरनं चाललो होतो, पाठीवर मोसंबीच्या कॅरेटी, आणि माझे ब्रेक तेच होते, डोंगरात हळू चालणाऱ्या ट्रकाचे. एक टँकर मागे पडला, मग एक एसटी. इंद्रजीतरावांनी एसटीतल्या लोकांना टाटा केलं.

बाजारात पोचल्यावर नानांनी वहीत आकडा उतरवला आणि थबकले. "गावापासून इथवर पन्नास किलोमीटर व्हायचे. आज चाळीसच."

"बघा!" इंद्रजीतराव खूश. "कमी पळून पोचली. टायर बी टिकतील."

आता तुम्ही शाळेत जाता. तुम्हाला एवढं तरी कळेल की एक्सल बदलल्यानं गाव काही शहराजवळ सरकत नाही. पण खूश झालेल्या माणसाला गणित सांगायचं नसतं, आणि नाना तर स्वतःवरच शंका घ्यायला लागले होते. वहीत चाळीस लिहिलं आणि वही खिशात ठेवली.

त्या आठवड्यात नाना शहरातल्या डॉक्टरकडे डोळे तपासून आले. घरी त्यांची मुलगी करुणा होती. ती वाळूजच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या कामावर. तिनं विचारलं, "कशाला बाबा? दिसत नाही का?"

"दिसतंय. पण साठचा वेग मला शंभरावाणी वाटायलाय. वय झालं गं."

डॉक्टरांनी डोळे ठीक असल्याचं सांगितलं. नानांना ते बरं वाटायच्या ऐवजी जास्तच लागलं. डोळे ठीक, मग बिघडलंय ते आणखी आत कुठेतरी, असं त्यांनी धरलं. पूर्वी ते चालवताना काहीतरी गुणगुणायचे. ते बंद झालं.

मग इंद्रजीतरावांच्या मोबाइलवर चलान आलं. महामार्गावरच्या कॅमेऱ्यानं आम्हाला अठ्ठ्याण्णवला पकडलं होतं. इंद्रजीतरावांनी मोबाइल नानांच्या नाकासमोर धरला. "नाना, हे काय? तुम्ही बी पोरांवाणी चालवायला लागले?"

"मी काट्यावर ऐंशीच्या वर गेलो नाय. म्हणजे साठ. तुम्ही शेजारी व्हते."

"मग कॅमेरा खोटा का? यंत्र कधी खोटं बोलतं का, नाना?"

हे मित्रांनो त्यांनी माझ्या बॉनेटला टेकून विचारलं. मला वाटलं, आता तरी एक फोन उस्तादांना करतील. मोबाइल हातातच होता. पण त्यात त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावला आणि "आमचा ड्रायव्हर फौजी हाय, तुफान चालवतो" असं कौतुकानं सांगितलं. रागही करायचा आणि मिरवायचंही, ही दोन कामं एकाच चलानात उरकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नानांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून वेग कमी केला. आणि आता सांगतो ती गोष्ट पाचोडच्या बाजाराच्या दिवशीची.

दुपारची वेळ. शहरातल्या बाजारात माल टाकून रिकामे परत येत होतो. इंद्रजीतराव कामावर, गाडीत फक्त नाना. पाचोडच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथं चाळीसची पाटी. फाट्याच्या कडेला कडूबाई पेरू आणि बोरं विकायला बसायची, चार बांबूंवर गोणपाटाचं छप्पर टाकून. नानांनी पाटी पाहिली आणि वेग उतरवला. काटा बावन्नवर आणला. त्यांच्या हिशेबानं एकोणचाळीस. पाटीच्या आत. खरा वेग पासष्ट.

उलट्या बाजूनं एक मोटारसायकल फाट्यावरून आडवी आली. नानांनी ब्रेक दाबला. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या पायाला माहीत होतं, चाळीसनं चाललेली गाडी कुठे थांबते. पाय बरोबर होता. जागा बरोबर होती. मी मात्र तिथं थांबलो नाही. मोटारसायकल चुकवायला त्यांनी मला डावीकडे घेतलं आणि मी घसरत, ओरडत, धूळ उडवत त्या गोणपाटाच्या छपराखाली शिरलो.

कडूबाई उठली होती, पण पूर्ण बाजूला झाली नव्हती. माझ्या बंपरचा धक्का तिच्या मांडीला बसला.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रस्त्यावर पेरू घरंगळत होते. नाना उतरले ते पळतच. "बाई, बाई, माझ्याकडं बघा." कडूबाई ओरडत नव्हती. एवढंच म्हणत होती, "माझी बोरं सांडली, माझी बोरं सांडली." नानांनी तिला उचलून वाटेनं आलेल्या एका जीपमध्ये घातलं आणि स्वतः सोबत गेले. मी तिथंच राहिलो, छप्पर डोक्यावर घेऊन.

कडूबाई वाचली. पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पहिल्यासारखी नाही.

पोलिसांनी माझ्या चाकांच्या खुणा टेपनं मोजल्या. फौजदार शांतपणे म्हणाले, "काका, वेग पासष्टच्या खाली नव्हता. तुम्ही एकोणचाळीस सांगताय. चाळीस म्हणाले असते तर एकवेळ ऐकलं असतं, एकोणचाळीस म्हणजे फारच तयारीचं उत्तर झालं." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "सोमवारी या. वेग जास्त होता, वयामुळे अंदाज चुकला, असा जबाब लिहून सही करा."

नाना "बरं" म्हणाले. आणि मित्रांनो, इथं काय पणाला लागलं होतं ते नीट बघा. लायसन्स तर जाणारच होतं. पण नाना खोटं म्हणून सही करणार नव्हते. त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. आपण म्हातारे झालो, आपल्याला आता वेग कळत नाही, आपण एका बाईचा पाय मोडला आणि तोंडानं एकोणचाळीस म्हणत राहिलो, हे ते स्वतःबद्दल मान्य करायला निघाले होते. माझ्या काट्यापायी एक खरा माणूस स्वतःला खोटा ठरवणार होता.

मला ओढून जैनू उस्तादांच्या गॅरेजात आणलं. रविवारी नाना तिथं आले, माझ्या खणातल्या त्यांच्या वस्तू घ्यायला. करुणा सोबत होती.

"सलाम नाना," उस्ताद म्हणाले.

"जयभीम उस्ताद." नानांचा आवाज फार खाली होता.

खणात पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि ती वही. करुणानं वही सहज उघडली. तिचं काम मापं तपासायचं. आकडे दिसले की तिचं बोट आपोआप त्यांच्यावरून फिरतं. ते फिरता फिरता एका पानावर थांबलं.

"बाबा, गाव ते बाजार पन्नास, पन्नास, पन्नास. आणि एकदम चाळीस? आणि पुढं सगळीकडं चाळीसच?"

"एक्सल बदलले तव्हापासून. गाडी कमी पळती आता."

"बाबा, गाडी कमी पळत असंल. रस्ता आखडतो का?" ती वही घेऊन उस्तादांसमोर गेली. "काटा जास्त दाखवत असता तर पन्नासाचे साठ-सत्तर झाले असते ना? हे तर कमी झाले. म्हणजे काटा कमी दाखवतोय. तुम्ही पाऊण धरायला कसं सांगितलं?"

उस्तादांच्या हातातला पाना तसाच राहिला. "पाऊण? बेटी, मैं पाऊण इंजिनको बोला था. काट्याला सव्वा! काट्याला सव्वा धरा बोला मैं!" ते नानांकडे वळले. "नाना, तुमने पाऊण धरा?"

 नाना माझ्या मडगार्डला धरून हळूहळू खाली बसले, आडव्या ठेवलेल्या एका टायरवर. करुणाला वाटलं त्यांना सुटल्यासारखं होईल. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघंही चुकलो.

"म्हणजे माझं अंग खरं सांगत व्हतं," नाना म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगत व्हतं. लई पळायली, लई पळायली. आणि मी त्यालाच म्हातारं मनलो." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "गाडी थांबवून एकदा उस्तादांना इचारलं असतं तर त्या बाईचा पाय..."

इंद्रजीतराव तेवढ्यात आले. सोबत त्यांच्या पत्नी दीपमालाताई. दोघं कडूबाईला दवाखान्यात बघून येत होते. करुणानं वही त्यांच्यासमोर धरली आणि उस्तादांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. इंद्रजीतरावांचा चेहरा उतरला, हे मी मान्य करतो. पण उतरलेला चेहरा लगेच हिशेबाला लागला, हेही मी पाहिलं.

"झालं ते वाईटच झालं," ते म्हणाले. "पण आता हे पोलिसांना सांगून काय होणार? स्टेअरिंगवर नानाच व्हते की. नाना, तुम्ही उद्या सही करा, मोकळे व्हा. कडूबाईचं सगळं मी बघतो. तुमचं बी बघतो."

"दादा," करुणा म्हणाली, "आमच्याकडं मापाला कुणी हात लावला की आधी माप तपासतात, मग माल. चुकलं तर ज्यानं माप चुकीचं सांगितलं त्याचं नाव लिहितात. ज्याच्या हातात माल व्हता त्याचं नाय."

"मी काय मुद्दाम सांगितलं का? एक शब्द तर इकडचा तिकडं झाला."

"मग तेवढाच शब्द लिहा. जास्तीचं काहीच नका लिहू."

इंद्रजीतरावांनी बायकोकडे पाहिलं. दीपमालाताई पदरानं माझ्या काचेवरची धूळ पुसत होत्या, कशाला ते त्यांनाच माहीत. त्या मागे न वळता म्हणाल्या, "अहो, उद्या तुम्ही जाता का मी जाऊ? मी गेले तर आप्पासाहेबांचा फोन आला व्हता, ते बी सांगंन."

सोमवारी सगळेच पोलीस ठाण्यात गेले. इंद्रजीतरावांनी लिहून दिलं की उस्तादांनी काट्याला सव्वा सांगितला होता आणि आपण ड्रायव्हरला पाऊण सांगितला. ड्रायव्हरनं शंका काढली तेव्हा आपण ती हसण्यावारी नेली. उस्तादांनी सही केली आणि वर तोंडी सांगितलं की गरारी न बदलता गाडी हातात दिली ही माझी बी गलती है, लिखो. नानांच्या जबाबाची पाळी आली तेव्हा फौजदार म्हणाले, "काका, आता तुमचं काही उरलं नाही."

"उरलंय साहेब," नाना म्हणाले. "लिहा. मला गाडी जास्त पळायली हे कळत व्हतं. तरी मी थांबून इचारलं नाय."

पुढे कोर्टात काय होईल ते अजून ठरायचं आहे. माझी गरारी मात्र आता बदलली आहे. माझा काटा पुन्हा खरं बोलतो. पण खरं सांगू का, मित्रांनो, एकदा खोटं बोललेल्या तोंडाला खरं बोलताना पहिल्यासारखी चव लागत नाही. साठ दाखवताना मीच दचकतो.

मधे एक दिवस इंद्रजीतराव कडूबाईला दवाखान्यातून घरी सोडायला मला घेऊन गेले. स्वतःच चालवत होते, पस्तीसनं, मागच्या गाड्यांचे भोंगे खात. आप्पासाहेबांनी मुरंबा म्हटलं तर म्हणू देत, असं ते वाटेत स्वतःशीच पुटपुटले, त्याची मी नोंद घेतली. नाना शेजारी होते. कडूबाई काठी टेकत दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, मला पाहिलं आणि तिथंच थांबली.

"ह्या गाडीत मी बसायची नाय."

"कडूबाई, आता काटा नीट केलाय," इंद्रजीतराव म्हणाले. "तपासून घेतलाय."

"तुमचा काटा तुमच्यापाशी ठेवा. माझा पाय कुणी तपासला व्हता का आधी?"

नाना खाली उतरले. "बाई, बरोबर हाय तुमचं. चला, एसटीनं जाऊ." त्यांनी तिची पिशवी घेतली. ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची, की नाना पण थांबायचे. फाटकापर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला. मी मागून बघत राहिलो. माझ्या अंगात डोंगर चढायची ताकद आहे, पण त्या बाईला दहा पावलं नेण्याचा हक्क मी गमावला होता, आणि तो गरारी बदलून परत मिळत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रं घ्याल, ती बदलाल, पळवाल. जरूर पळवा. आम्हाला तेलपाणी द्या, पुसा, झाका, हेही म्हणतो. पण आमच्या पोटात काही बदललंत तर आमच्या तोंडातही ते बदला, नाहीतर एक कागद चिकटवा, रंग खराब झाला तरी चालेल. कुणी शब्द दिला तर पुढच्याला देण्याआधी एकदा मागे वळून विचारा, की हा कशाला लावायचा होता. आणि शेजारी बसलेलं म्हातारं माणूस म्हणालं की गाडी लई पळायली, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका. गाडी बाजूला घ्या. पाच मिनिटं उशीर होईल, कुणीतरी हसेल. कडूबाई अजूनही मांडी घालून बसू शकत नाही.